मिठू अंदाज सांगत नाही

सोमवार, ३ ऑगस्ट

शाळेतून बोलावणं! मला वाटलं मारामारी. पण मिठू आणि मारामारी – छे.

बाई म्हणाल्या, "वाचते घडाघडा, एक चूक नाही. पण उताऱ्यावरचे प्रश्न विचारले की तोंडाला कुलूप. असंच राहिलं तर तिसरीतच ठेवावं लागेल."

हे म्हणाले, "तू घे ना जरा तिला जवळ." मी घेऊ? लग्न होऊन चार महिने झाले, अजून ह्यांची पोरगी मला 'काकू, तुम्ही' म्हणते. तेही नाइलाज झाला तरच.

मंगळवार, ४ ऑगस्ट

माझ्या चष्म्याच्या दुकानात नेऊन तिचे डोळे तपासले. अगदी खालची बारीक ओळसुद्धा वाचली. मीच हिरमुसले! चष्मा लागला असता तर निदान तो मला करता आला असता.

गुरुवार, ६ ऑगस्ट

कुत्र्याच्या पिल्लाचा उतारा. पात्रं कोण? सांगितली. स्थळ? नदीकाठ. घटनाक्रमही बरोबर. मुख्य कल्पना म्हटल्यावर अडली. म्हटलं, "समज, मैत्रीण घाईत आहे. एका वाक्यात तिला सगळी गोष्ट सांग." सांगितली की!

मग शेवटचा प्रश्न. पिल्लू पाण्यात पडलंय. पुढे काय होईल?

पुस्तक मिटलं. "ते मी नाही सांगणार."

शुक्रवार, ७ ऑगस्ट

आजही तेच. मी ओरडले. "तुम्ही रागावलात?" एवढंच म्हणाली. जेवण गेलं नाही मला.

रविवार, ९ ऑगस्ट

दुकान बंद, पण दोन काचा घासायच्या राहिल्या होत्या. मिठूही आली बरोबर. मशीन थांबवलं तेव्हा आपणहून बोलली.

"मी सांगितलं की तसं होतं."

"कसं?"

"आई दवाखान्यात होती. सगळे म्हणायचे, बरी होऊन येईल. मी आजीला म्हटलं, आई नाही येणार. आजी म्हणाली, गप्प बस, बोललं की तसंच होतं. मग... तसंच झालं."

दोन वर्षं हे एकटीने बाळगलं या लेकराने!

मी विचारलं, "तुला तसं का वाटलं होतं?"

"बाबा जेवायचे नाहीत. मावशी आईचे कपडे पिशवीत भरत होती. डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली बघायचे."

"खुणा बघून आपण ओळखतो, त्याला बाई काय म्हणतात?"

"अनुमान."

"आणि आई गेली, त्याचं कारण काय?"

अगदी हळू – "आजार."

"मग? तू कारण नाहीस, मिठू. सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं ते तू फक्त वाचलंस."

रडली. मी जवळ घेतलं, तर अंग चोरलं नाही. काचा तशाच राहिल्या. राहू देत!

सोमवार, १० ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. कितीतरी वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसले. मग तिच्याजवळ गेले. "मलाही तसंच वाटत होतं गं. मी बोललो नाही, तरी झालंच ना?" एवढं कानावर आलं, मग मी दार लोटून घेतलं.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

पिल्लाचा उतारा पुन्हा काढला – तिनेच! "मालक उडी मारेल," म्हणाली, पण कुजबुजत. पान उलटलं. मारली उडी. क्षणभर चेहरा पांढरा. मग स्वतःच म्हणाली, "हे आधीच छापलेलं होतं, नाही?"

मंगळवार, १८ ऑगस्ट

बाईंचा फोन. अर्धं पान उत्तर लिहिलं म्हणे! असंच लिहीत राहिली तर चौथीत जाणार. हुश्श! वाटलं, सुटलो एकदाचे. आज गाढ झोपणार मी.

बुधवार, १९ ऑगस्ट

सकाळी मी दूध तापवत होते. मिठू अंथरुणातून उठून थेट ओट्यापाशी.

"काकू, काल झोपताना मी मुद्दाम एक वाईट अंदाज केला. मोठ्याने बोलले पण."

"कसला गं?"

"सकाळी तू नसशील."

मी गॅस बंद करून तिच्याकडे वळले. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं.

"चुकला!" म्हणाली, आणि दात न घासताच दूध मागितलं.