मागच्या दाराची टाकी

जळगाव, २४ जून

प्रिय मृणाली,

सप्रेम जयभीम.

टाकी विकणार नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील, नाहीतर इथेच फाडून तरी टाकशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मलाही आवाज चढवल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणून कित्येक वर्षांनी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या मुलीनं दोनदा विचारलं, कुरिअर करायचंय का काका. तू म्हणालीस, आबा, तुम्हाला ते जमलं नाही, आता एखादं गिऱ्हाईक बघा आणि हॉल मोकळा करा. पोरी, एकतीस वर्षं मी गावोगावच्या पंपहाऊसवर काढली, पाण्यात क्लोरीन किती टाकायचं ते नुसत्या वासावरून सांगायचो. मला चार फुटांची टाकी जमत नाही हे मी मान्य करत नाही. मासे मेले, ते खरं आहे. त्यावर पुढे लिहिणारच आहे.

आधी टाकीची खबर देतो. कोरल सगळे जिवंत आहेत. तू हाताच्या पंजाएवढं सोडून गेलेलं ते हिरवं कोरल आता ताटलीएवढं झालंय. मे महिन्यात पारा सेहेचाळिसावर गेला, लाइट दुपारी तीन-तीन तास नव्हती, पाणी गार ठेवणारा चिलर बंद. तेव्हा मी बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या आणि दर वीस मिनिटांनी बदलल्या. तुझी आई म्हणाली, माझ्या बाळंतपणात एवढे धावला नव्हता. पाण्याचा खारटपणा मी रोज सकाळी मोजतो. आणि मोठ्या टाकीत एकही मासा नाही. मासा नसला की तो रोगाचा किडा उपाशी मरतो, त्याला शहात्तर दिवस लागतात, हे तूच शिकवलंस. तुझ्या हिशेबानं ते दिवस जुलैत भरतील. माझ्या हिशेबानं ते नऊ जूनलाच भरले. दोन हिशेब कसे काय, असा प्रश्न तुला पडला असेल. म्हणूनच फोन न करता कागद घेतला.

मार्चमध्ये तू सर्वेक्षणाच्या जहाजावर बेटांकडे गेलीस, दोन महिने फोन लागेना. जाण्याआधी धुळ्याच्या मासेवाल्या युवराजकडून निळा टँग मासा मागवून ठेवलास. तो पोरगा तीन मार्चला स्वतः घेऊन आला. मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडाच्या बाजूला, त्यानं छोटी टाकी मांडली, औषधाची बाटली दिली आणि मला दोनदा वदवून घेतलं: चाळीस दिवस मासा इथेच, रोज मोजून औषध, हे औषध मोठ्या टाकीत एक थेंबही नाही कारण कोरल मरतात. तुझी यादी तर फ्रिजवर होतीच. वेगळी टाकी, वेगळी बादली, वेगळी जाळी. इकडचा हात धुतल्याशिवाय तिकडे घालायचा नाही. इकडच्या पाण्याचा शिंतोडाही तिकडे उडता कामा नये. मी ती यादी रोज वाचायचो. कशासाठी आहे ते कळत होतं. जंतू काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. तरी ती वाचून झाली की मी फ्रिजकडे पाठ करून बसायचो, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही.

तुला तुझी आजी तानुबाई आठवत नसेल, ती गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. एरंडोलजवळच्या आमच्या गावात तिनं जन्मभर दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ धरली, वरून कुणी ओतेल तेव्हा प्यायली. म्हणून जळगावात आपलं घर झालं तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी माठ दारासमोर मांडला आणि नियम घातला: येईल त्यानं आत यायचं आणि आपल्या हातानं माठात पेला बुडवून पाणी घ्यायचं, नाव-गाव नंतर. कुणी उंबऱ्यावर घुटमळलं तर ती आतून हाक द्यायची, "दारमा नको बसू, घरमा ये. आठे बठ्ठा सारखाच शेतस." इथे सगळे सारखेच, म्हणून टपालवाला, रद्दीवाला, कलेक्टर कचेरीतला साहेब, सगळे त्या एका माठात हात घालून प्यायले. डॉक्टर असलेला तुझा मामा ओरडायचा, डावाने घ्या, साथ येईल. तिनं ऐकलं नाही, मीही ऐकलं नाही. आजही तोच नियम आहे.

आता झुलालचं सांगतो. माझ्या नोकरीचं पहिलं गाव मी इथे लिहीत नाही, तिथली बरीच माणसं आता नाहीत. पंपहाऊसवर आम्ही नऊ जण होतो. फळीवर आठ कप, खिडकीत एक. कानतुटका. पहिल्या दिवशी एकानं त्या कपाकडे नुसतं बोट दाखवलं. गावाच्या नळाला जाणारं पाणी माझ्या हातून जायचं, ते चालायचं, चहा मात्र खिडकीतून. सहा महिन्यांनी एकदा मी माझा कप धुऊन फळीवर ठेवला, बाकीच्यांच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी तो खिडकीत परत आला होता आणि फळीवर कोरे आठ कप होते. जुने फेकले होते. ते नवे कप बाजारातून आणायला गेला होता तो झुलाल. त्या गावी मी सात वर्षं काढली. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तू हे ऐकून मोठी व्हावीस असं मला वाटत नव्हतं.

बारा मार्चला दुपारी तोच झुलाल नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. म्हातारा झालाय, प्रेमानं बोलतो, माठातून दोन पेले पाणी प्यायला, तुझ्या आईच्या हातची शेवभाजी मागून घेतली. त्याला त्या कपांचं काही आठवत नाही, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगू शकतो. हात धुवायला मागे गेला तेव्हा त्यानं विचारलं, हा एकटा मासा इथे कशाला. मी सांगितलं, नवा आहे, चाळीस दिवस वेगळा, जाळीसुद्धा वेगळी. तर हसून म्हणाला, "बरोबर शे भाऊ. कोन कोठला, बाजूले ठेवनंच पडस." पत्रिका ठेवून, पाठीवर थाप मारून तो गेला. त्याला दारापर्यंत सोडलं, परत मागे आलो, जाळी उचलली आणि तो निळा मासा हॉलमधल्या मोठ्या टाकीत नेऊन सोडला. दहावा दिवस होता.

मृणाली, जाळी निसटली नाही, मी विसरलो नाही, दिवस मोजण्यात चूक झाली नाही. मी मुद्दाम सोडला. तो आत पोहायला लागला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी खुर्ची ओढून तासभर बसलो. पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर पिठासारखी बारीक पूड दिसली. मग सगळेच धापा टाकायला लागले. तू आठ वर्षं सांभाळलेली ती नारंगी जोडी एका सकाळी बरोबरच गेली. पंचवीस मार्चला शेवटचा मासा मी कढीपत्त्याखाली पुरला. सात मासे. माझ्या स्वाभिमानापायी गेले असं तू म्हणशील, म्हण. पण मला लाज वाटते ती माशांची वाटते, स्वाभिमानाची नाही.

यावर मी तीन महिने विचार केला, कारण मला दुसरं काम नाही. तुझी यादी आणि ती खिडकी एक नाहीत, हे मला मासे मेल्यावर कळलं. तुझ्या यादीला चाळिसावा दिवस आहे. त्या दिवशी मासा आत जातो, मग तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. ती नव्या प्रत्येकाला लागू आहे, मग तो दोनशेचा असो की दहा हजारांचा. आणि बाजूला ठेवलेल्याला तूच जास्त जपतेस, त्याचं खाणं-पाणी दोनदा बघतेस. माझ्या कपाला तारीख नव्हती. हे मला आधी कळायला हवं होतं, कबूल. पण ज्यानं खिडकीत कप पाहिलेला नाही त्यानं मला हे शिकवायला येऊ नये, आणि त्यात तूही आलीस. रागावू नकोस, तू तो पाहिला नाहीस याचा मला आनंदच आहे.

आता खोटं बोललो ते. मेमध्ये तुझा फोन लागला, तू रडायला लागलीस, आणि विचारलंस, चाळीस दिवस झाले होते का. मी म्हणालो, पूर्ण झाले होते, रोज औषध दिलं, त्यानंतर सोडला, एप्रिलच्या शेवटी मेले. एवढं एकच वाक्य. त्यावरून तू हिशेब मांडलास आणि तो बरोबरच होता: चाळीस दिवस औषध देऊनही रोग राहिला, म्हणजे औषधच खोटं. त्याच संध्याकाळी तू तुमच्या मासेवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलंस की धुळ्याचा युवराज पाणी घातलेलं औषध विकतो. साडेचारशे माणसांनी ते वाचलं. तुझ्या शब्दाला तिथे किंमत आहे, तू त्यातली शिकलेली.

पाच जूनला युवराज आला. भांडायला आला असेल म्हणून मी दारातच उभा राहिलो. त्यानं आत येऊन माठातून पाणी घेतलं, मग म्हणाला, आबा, मला फक्त बघू द्या काय चुकलं, नाशिक-भुसावळची गिऱ्हाइकं तुटली, दुकान धड चालेना. मी त्याला मागे नेलं. मागच्या खिडकीत त्यानं दिलेली औषधाची बाटली तशीच होती, बोटभरसुद्धा कमी झालेली नव्हती. त्यानं ती उचलली, उजेडात धरली, हळूच जागेवर ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "आबा, औंदा उन्हाया भलताच व्हता." आणि पिशवीतून नारंगी माशांची एक छोटी जोडी काढली, तुमच्या मृणालीताईला द्यायला आणली होती म्हणाला. पैसे घेतले नाहीत. तुझ्या आईला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, तिनं तोंड उघडलं नव्हतं. तो गेल्यावर मात्र ती म्हणाली, त्या पोराला तुम्ही बाहेर बसवलं. मृणाली, आजवर मला खूप जण खूप काही बोललेत. असं कुणी बोललं नव्हतं.

ती जोडी मागच्या टाकीत आहे, आज विसावा दिवस. औषध मोजून देतो, हात कोपरापर्यंत धुतो, जाळीला लाल दोरा बांधलाय. खुर्ची मी तिथेच नेली आहे, पेपर त्यांच्याजवळ बसून वाचतो. चाळिसाव्या दिवशी ती हॉलमध्ये जाईल, म्हणून टाकी हॉलमध्येच राहणार. तू येऊन बघ किंवा नको बघू.

आता मुद्दा. हे पत्र मी तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही, ती तू भेटलीस की समोर बसून मागेन. हे तुझ्या एकटीसाठीही नाही. याचे फोटो काढ आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत त्याच ग्रुपवर टाक, जिथे तू युवराजचं नाव लिहिलंस. कपाचा भाग गाळू नकोस, लोक काय म्हणतील म्हणून तर अजिबात नाही. गैरसमज झाला, घरातल्या एका व्यक्तीकडून चूक झाली, असलं काही लिहून मला झाकू नकोस. औषध चांगलं होतं, माणूस चांगला होता, मासा मी सोडला आणि खोटं मी बोललो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हसायचं असेल, कुणाला आडनाव वाचून काही वाटायचं असेल, तर खुशाल वाटू दे. म्हणूनच खाली नुसतं आबा न लिहिता पूर्ण सही करतो आहे.

तुझाच बाप,
रुपचंद सुपडू सुरवाडे
निवृत्त पंपचालक, जळगाव