टॉन्सिल गेले, वरचा सा राहिला

२९ मे
आणलं: आइस्क्रीमचा फॅमिली पॅक, २४० रुपये. मुगाची डाळ अर्धा किलो, ६८. टॉन्सिल काढल्यावर गार आणि मऊच खायचं असतं. उद्या ऑपरेशन. घशातली अडगळ गेली की आवाजाला जागा होईल. ८ जूनला धायरीत भजनस्पर्धा, आमच्या मंडळाचा मुख्य आवाज माझा. वरच्या मजल्यावरची सरोजिनी त्या जागेवर टपून आहे. टपू दे.

३० मे, संध्याकाळ
पार पडलं. देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, नंतर रक्तस्रावाचा धोका लहान मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त. दहा-बारा दिवस जपा, भरपूर पाणी प्या, रक्त पातळ करणारी गोळी नको, गाणं तर अजिबात नको. मी सत्तेचाळीसची, पण नियमाने राहणाऱ्याला वय नसतं. सध्या बोलायलाही बंदी. हे म्हणाले, आता बिल कितीही येऊ दे.

२ जून
दुखण्यावरच्या गोळ्या संपल्या. नवी पट्टी ११० ची! ह्यांच्या हृदयाच्या जुन्या गोळ्या डब्यात पडून होत्या, दुखण्यावरही चालतात, त्या घेतल्या. रक्त पातळ करतात म्हणे. ह्यांचं करतात, माझं कशाला करतील?

४ जून
घशात पांढरी खपली. आइस्क्रीम स्पर्धा जिंकल्यावर खायचं ठरवलं. ह्यांना खुणेनं ताकीद दिली.

६ जून, सकाळ
निर्जला एकादशी. पाण्याचा थेंब नाही. काल तीन तांबे जास्त प्यायले, तेव्हा हिशेब बरोबर. दुपारी सराव. फक्त वरचा सा.

६ जून, दुपार
सा लागला. मग तोंडात लोखंडाची चव. बेसिन लाल. हे रिक्षा आणायला पळाले.

७ जून, हॉस्पिटल
रक्त थांबलं. डॉक्टरांनी बोटांवर मोजलं: वय, गोळी, पाणी, गाणं. म्हणाले, घशातल्या खपलीला एकादशी कळत नाही. चारही गोष्टी मी केल्या. दहावीलासुद्धा पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.
स्पर्धेचं बघू. अजून एक दिवस आहे.

९ जून
घरी. मंडळाचा पहिला नंबर आला. माझा उपास फळला. गायली सरोजिनी. तिनं ह्यांच्याकडे निरोप दिलाय: पुढच्या वर्षीही मीच गाईन, वहिनींनी टाळांची पिशवी धरावी. निरोप सांगताना ह्यांच्या मिशीला आइस्क्रीम होतं.
बोलायची बंदी, म्हणून पन्नास पैशांचं कार्ड घेतलं. मजकूर:
सौ. सरोजिनीबाई, अभिनंदन. डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलं आहे. तरी पिशवीचं नेमकं वजन उलट टपाली कळवावं.