हिरडीचं रक्त

भवानी पेठ, सोलापूर
पौष शुद्ध पंचमी, शके १८५०

चि. मायाप्पास येडूचे अनेक आशीर्वाद.

इकडे तुझी वहिनी फुलाबाई आणि पोर केरा सुखरूप आहेत. थंडी बरी पडली आहे. करमाळ्यात देवीपुढे तुझी सनई रोज होते हे ऐकून बरं वाटलं. माझे दात जरा दुखत होते, आता ठीक आहे.

तुला कुणी वेगळं काही सांगितलं असेल, तर आधी हे पत्र पुरतं वाच.

तुळशीच्या लग्नानंतर गुरुलिंगअण्णांच्या थोरलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, मी सनई तोंडातून काढली, तर टोकाची पत्ती रक्ताने लाल. अण्णा शेजारीच उभे. हळूच म्हणाले, "येडू, खाली ठेव ती. घरात पोरंबाळं हायती."

मला ते नवीन नव्हतं. दसऱ्यापासून सकाळी थुंकीत रक्त दिसायचं. आपल्या आबांचा क्षय असाच सुरू झाला होता, आणि पुढे काय झालं ते तू पाहिलंस. म्हणून कुणाला बोललो नाही. माझा तांब्या वेगळा केला. केरा गळ्यात पडायला आली की तिला लांब सारायचो. ती रडायची. फुलाबाई नुसती माझ्याकडे बघत राहायची.

अण्णांच्या मांडवातली गोष्ट पेठभर झाली. ठरलेल्या सुपाऱ्या मोडल्या. शेवटी एका दुपारी फुलाबाई दारात आडवी उभी राहिली. "छातीचं असलं तर असू द्या. पर मला कळू तर द्या की! लेकराला का हिडीसफिडीस करताय?"

तिनेच मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, खोकायला लावलं. मग म्हणाले, "तोंड उघडा." अंगठ्याने खालची हिरडी दाबली, तर रक्ताबरोबर पू आला.

"छाती साफ आहे. रक्त इथलं आहे. याला पायोरिया म्हणतात."

फुलाबाई तिथेच खाली बसून रडली. मला हसू फुटलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. दातांच्या मुळाशी दगडासारखं कीटण साचलंय, त्याने हिरडी दात सोडते, आतलं हाड झिजतं, असं त्यांनी समजावलं. मिश्री बंद. खालचे पुढचे दात हलताहेत, ते काढायचे.

"साहेब, मी सनईवाला हाय. पुढचे दात गेल्यावर ओठ कशावर टेकवू?"

डॉक्टर म्हणाले, "हे दात तसेही जाणार. त्यांच्यामागे आणखी किती जाऊ द्यायचे, तेवढं तुमच्या हातात आहे."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. फुलाबाई जवळ बसली, पण काढा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मग मीच उठून आत गेलो.

हिरडी बधिर करायची सुई टोचून दात काढले. उरलेल्यांचं कीटण नंतर आकडीने खरवडलं. ती करकर कानात नाही, थेट टाळूत वाजते. अजून मिठाच्या गुळण्या चालू आहेत. हिरड्या आवळल्या, रक्त थांबलं. केरा आता मांडीवरून उठत नाही.

तुझ्याही हिरड्या आरशात बघ. आपण दोघांनी एकाच डबीतली मिश्री लावलीय. रक्त दिसलं तर माझ्यासारखं लपवत बसू नकोस.

मायाप्पा, इतकं लिहिलं, पण सनईचं लिहायला हात धजत नव्हता. परवा धरून पाहिली. खालच्या ओठाला आधार नाही. वारा कडेने निसटतो, वरचा सूर फाटतो. पुन्हा पुन्हा धरली, पुन्हा पुन्हा फाटला. फुलाबाई चुलीशी पाठ करून बसली होती, ती वळली नाही. खालचा एक सूर तेवढा लांब टिकतो.

खरं कळल्यावर अण्णा आपणहून घरी आले. माघात धाकटीचं लग्न आहे. त्यांनी सुपारी पुढे केली आणि मी ती उचलली, तुला न विचारता.

तू करमाळ्याला जाईपर्यंत इतकी वर्षं मी वाजवलं आणि तू मागे बसून एकच खालचा सूर धरलास. या मांडवात तू पुढे बस. नाही म्हणू नकोस.

सूर मी धरतो.

तुझ्या मागे बसणारा तुझा थोरला,
येडू