यज्ञेश्वरकाकांची मिशी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. दुपारी ३.४०

यज्ञेश्वरकाकांच्या मिशीचे फोटो काढत होतो. समोरून, डावीकडून, उजवीकडून. पुढच्या वेळी तंतोतंत जुळली पाहिजे. नाहीतर बघणाऱ्याला लगेच कळतं की शॉट दुसऱ्या दिवशीचा आहे.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त शिक्षक. माझ्या शॉर्ट फिल्ममध्ये ते एकटेच आहेत – एक माणूस कॅरम मांडून पार्टनरची वाट बघतो, आणि तोपर्यंत दोन्ही बाजूंनी खेळतो. आज स्ट्रायकर मारायचा शॉट झाला. सोंगटी पडते आणि ते दाराकडे बघतात, हा शेवटचा शॉट राहिला. आतून आक्कांनी, म्हणजे काकांच्या आईने, औषधासाठी हाक मारली. तोवर ऊनही गेलं.

काका म्हणाले, "नट मिळेना म्हणून मला धरलंस, का कॅरम बोर्ड माझा आहे म्हणून?"

बोर्ड. पण तसं बोललो नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

फोनमध्ये जागा नाही. गेम काढून टाकला. बारावी सुटली तेव्हा दिवसभर तेवढंच करत होतो. बोटं अजून आपोआप तिथेच जातात.

शेवटच्या शॉटचं चित्र वहीत चारदा काढलं. मिशी जमली, नजर जमत नाही.

२८ ला सिनेमाच्या शिबिरासाठी फिल्म पाठवायची मुदत संपते. निवड झालेल्यांना तिथे आठ दिवस शिकवणार आहेत. बारावीचा दाखला मागत नाहीत. असं दुसरं कुठे आहे?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आक्का सकाळी गेल्या. वर गेलो. काका भिंतीला टेकून बसले होते. म्हणालो, "काका, शूटिंगचं टेन्शन घेऊ नका. तेरावा झाला की घेऊ."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं," म्हणाले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "आरं खुळ्या, त्यांच्यात दहाव्याला डोस्कं, मिशी, समदं काढत्यात."

मला कसं माहीत असणार? आजा गेला तेव्हा पप्पांनी काहीच काढलं नव्हतं. भंतेजी आले, वंदना झाली, पप्पा मिशीसकट बसले होते.

केसांचं निभेल – फिल्ममध्ये काकांच्या डोक्याला पहिल्यापासून कानटोपी आहे. मिशीचं काय?

आणि काल मी त्यांना तसं म्हणालो. त्यांना माहीत होतं. तरी "बरं" म्हणाले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काकांनीच बोलावलं. वरचा ओठ उघडा. क्षणभर ओळखलंच नाही.

शॉट घेतला. सोंगटी पडली, त्यांनी दाराकडे बघितलं. आणि मला एकदम कळलं – हाच शेवट! मिशी गेलेली दिसली की बघणारा समजणार, ज्याची वाट बघत होता तोच वारला. एक शब्द नको.

काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं.

"हे नको. यात तो गेलाच की रे."

"पण काका, छान झालंय."

"झालंय छान. पण तू मला सांगितलंस, तो यायचा आहे. मी त्या समजुतीने बसत होतो." सोंगट्या गोळा करत म्हणाले, "मिशी येऊ दे. मग घे."

"शुक्रवारी मुदत संपते."

"मग पाठव. फिल्म तुझी आहे."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पाठवली नाही.

आई म्हणाली, "एवढं नाचून धाडलंच न्हाईस व्हय? मग त्या म्हाताऱ्याला उन्हात कशापायी बसिवलंस?"

रविवार, ४ मे

काकांकडे गेलो. मिशी आली आहे. पूर्ण पांढरी.

मी काही विचारायच्या आत म्हणाले, "पिकलेला मुलगा आक्काला बघवायचा नाही. म्हणून काळी करत होतो. आता कुणासाठी करू? चालेल ना तुला?"

शॉट घेतला.

स्ट्रायकर मारताना मिशी काळी. सोंगटी पडते, ते दाराकडे बघतात, तेव्हा पांढरी. दोन्ही जोडले. मध्ये काही घातलं नाही.