हाताला एकच नाक येतं

ताई,

फोनवर मी ‘छान चाललंय’ म्हणालो, ते खोटं होतं. खरं इथे लिहितोय, पण हे पत्र तुला पाठवायचं धाडस होणार नाही.

वीस वर्षं मी कारखान्यात दातांच्या कवळ्या केल्या आणि घरी आलो की मातीचे चेहरे घडवत बसलो. कारखाना बंद पडला तेव्हा तूच म्हणालीस, “दोन्ही एकत्र कर की. आजारात ज्यांचे नाक-कान गेले, त्यांना नकली करून दे.” मला ते इतकं पटलं की मी दुसरी नोकरी शोधलीच नाही.

काल एक शिक्षिका आल्या होत्या. ऑपरेशनमध्ये नाक गेल्यापासून त्या वर्गात गेलेल्या नाहीत. पहिल्या भेटीत जुना फोटो नाही म्हणाल्या होत्या, तरी मी काम घेतलं. महिनाभर खपून केलेलं नाक बसवलं. रंग जुळला, कडही दिसत नव्हती. त्या बराच वेळ आरशात बघत राहिल्या.

“सुंदर झालंय. पण या बाई कोण?”

मीही आरशात पाहिलं. ते तुझं नाक होतं, ताई. लहानपणापासून तुलाच समोर बसवून शिकलो; हाताला दुसरं येतच नाही. आधीची दोन गिऱ्हाइकं नाक न घेताच का परत गेली, तेही तेव्हा कळलं.

“एखादा फोटो शोधून बघा, पुन्हा करतो.”

“सगळे मीच फाडले हो.”

त्यांनी नाक काढून माझ्या हातात दिलं, तोंडाला रुमाल बांधला आणि आभार मानून गेल्या.

उद्यापासून पुन्हा कवळ्यांचं काम शोधेन. तुला तोंड कसं दाखवू, तेवढं कळत नाही.

तुझा,
धाकटा