तीन नंबरचा ठोका

मंगळवार, ७ नोव्हेंबर ७८. सांगली
काल केलं ती लिवून ठेवतो. बोलायला कोन न्हाई.
ठोका मी वाजवला. इंजनात काय नव्हतं.
ग्यारेजच्या मालकानी मुंबईसनं गाडी तपासायचं मशीन आनलंय. पत्र्याची पेटी, चार काटे. नळ्या-वायरी इंजनाला जोडायच्या, मग एक काटा ऑइलचं प्रेशर दावतो, एक इंजनाचं फेरं, असं. काल महाबळेश्वरची टॅक्सी आलती. इंजन जड चालतंय म्हनून तक्रार. आमचे मिस्त्री, मला काम शिकवनारे, नुसत्या कानानं बिघाड सांगत्यात. मालक म्हनले, "आज मिस्त्रींचा कान आन माजं मशीन, दोनी लावू." मशीननं सगळं ठीक दावलं. मग मिस्त्रीनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजनाला, मूठ कानाला, डोळं मिटलं. मी गाडीखाली खड्ड्यात, नट आवळत. हातात पाना. ऱ्हावलं न्हाई. इंजनाच्या बुडाला, ऑइलच्या चेंबरला, खालनं हळूच टक टक लावलं, इंजनाच्या तालात.
मिस्त्री एकेक प्लग बंद करून ऐकायला लागले. ज्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय त्येचा प्लग बंद केला की ठोका दबतो. ही मला त्येनीच शिकवलंय. एक झाला, दोन झाला. तिसऱ्याला मी हात थांबवला.
"तीन नंबरचं बेअरिंग."
वाटलं, आता वर यायचं, सांगायचं, मिस्त्री फडकं फेकून मारनार, आईबापावरनं शिव्या देनार, मग च्या. पन मालक म्हनले, मशीन तर न्हाई म्हनतंय. मिस्त्री तापले. "खोला मग. चांगलं निघालं तर परत ह्यो कानाला लावनार न्हाई."
मी खालीच बसलो.

बुधवार, ८
खोललं. तीन नंबर चकचकीत, नव्यावानी. टॅक्सीवाला म्हनतो, "मिस्त्री, कानात मळ साठलाय का वो?" सगळं हसलं. मी बी. हसलो नसतो तर कळलं असतं.
मिस्त्रीनी बेअरिंगच्या दोनी वाट्या अंगठ्यानं चोळून बगितल्या. लय येळ. मग बाजूला घिऊन हळूच, "संप्या, तू खाली व्हतास. तुला आला का रं ठोका?"
"डोक्यावर एवडं इंजन चालू, मला काय कळतंय."
म्हनले, "व्हय, ती बी खरं."
साबनानं हात धुतलं. कोपरापातूर. पाच वाजायच्या आत गेले.

शनिवार, ११
तीन दिस मिस्त्री न्हाईत. मालक म्हनले, "मशीन तू बग. तुला इंग्रजी आकडं येत्यात." सातवीत दोनदा नापास, पन आकडं येत्यात.
पाच गाड्या केल्या. काटा बगायचा, कागदावर आकडा लिवायचा. बास. काटा चुकला तरी शिव्या देत न्हाई.
दुपारी एकट्यानं भाकरी. मिस्त्री डब्यातलं कोरड्यास माज्या भाकरीवर घालायचे. "मेंढरामागं हिंडून हाडं वाळल्यात तुजी." नगं म्हनलं तरी घालायचे.

मंगळवार, १४
मालकाच्या खुर्चीखाली हॉर्न बांधला. मालक बसले आन वाजला. हातातला च्या शर्टावर. सगळी पोट धरून. मी मागं वळून बगितलं, मिस्त्री हसत्यात का.
सवय.

गुरुवार, १६
मिस्त्रीच्या खोलीवर गेलो. कुलूप. शेजारीन म्हनली, सोडली की खोली, कोरेगावाकडं गेले, गावी, बायकोला घिऊन.
आईबा मेंढरं घिऊन खाली उतरल्यात. आज कुठल्या रानात कुनाला ठावं. बिऱ्हाड रोज हलतंय, पत्र घालनार कुठं. तिकडचा कोन सांगलीत आला की मिस्त्रीच्या घरी निरोप ठिऊन जायचा. आता ती बी दार बंद.
माधवनगरच्या खोलीत आलो. मिलचा भोंगा झाला, सगळी मानसं घोळक्यानं घराकडं. मी दारात बसून बगितली. एकानं हात केला. माज्या मागच्याला.

रविवार, १९. सातारा स्टँड
यष्टीला येळ हाय, हितंच लिवतो.
मिस्त्रीच्या गावी गेलतो. सांगायचंच, असं ठरवून. काकी, मिस्त्रीची बायको, म्हनल्या, "आवं, आपला संपत आलाय बगा." मिस्त्री बाजंवर. दाढी वाढल्याली.
"मशीन कसं हाय?"
"बरं हाय."
"मग झालं."
तेवड्यात शेजारचा मानूस बोलवायला आला, हिरीवरचं डिझेल इंजन आवाज करतंय, ऐका. मिस्त्री म्हनले, मी सोडलंय. पन आले. स्क्रूड्रायव्हर माज्या हातात दिला. "तू ऐक."
लावला. खरंच ठोका. येड्याला बी कळंल असा.
"बेअरिंगच हाय, मिस्त्री."
मिस्त्री चार हात लांब उबं. म्हनले, "मला हितनं बी येतंय ऐकू. पन मला तवा बी आलं व्हतं."
आन शेजाऱ्याला म्हनले, "आमचं धरू नगा. दुसऱ्या कुनाला तरी दावा."
घरी आलो. तोंड उगडलं. "मिस्त्री, त्या दिवशी..." काकी च्या घिऊन आल्या.
"काय म्हनत व्हतास?"
"साखर कमी हाय."
काकी साखर आनायला गेल्या. मिस्त्री वाट बगत बसले, मी फुडं काय बोलतोय त्येची. म्या च्या पिला.
निघताना काकी फाट्यापातूर आल्या. म्हनल्या, साखर कारखान्यानं ह्येनला फिटर म्हनून बोलवलंय. मिस्त्री म्हनत्यात, कान गेलेल्या मानसानं दुसऱ्याचं इंजन बिघडवू नये. शुक्रवारी जाऊन न्हाई म्हनून सांगनार. "तुजं ऐकत्यात रं. तू तरी समजाव." मी व्हय म्हनलं.

बुधवार, २२. सांगली
कार्ड आनलं. चार ओळी लिवल्या आन ध्यानात आलं, मिस्त्रीला वाचायला येत न्हाई. काकीला बी न्हाई. पोष्टमन वट्यावर बसून मोठ्यानं वाचून दावतो, आळीतली पोरं-बाया गोळा हुत्यात. म्हंजे हितं टॅक्सीवाला हसला आन तितं पोरानं फसवलं म्हनून अख्खी आळी हसनार. कार्ड फाडलं.
मालकाला म्हनलं, उद्या सुट्टी पायजे. म्हनले, उद्या सात गाड्या हायती, मशीन कोन बगनार?

गुरुवार, २३
सातातल्या सहा गाड्या झाल्या. काय आकडं लिवलं देव जाने.
शुक्रवारची पयली यष्टी पाचला. ती घावली तर मिस्त्री घरातनं निघायच्या आत पोचतो. मालक काडून टाकत्याल. टाकू देत.
तितं गेल्यावर काय बोलायचं ती जुळवतोय. "मिस्त्री, कान चांगला हाय तुमचा, मी" — हितपातूर येतं. फुडचं येत न्हाई. मारलं तर बरं. न्हाई मारलं आन नुसतं बगत बसले, तर मग काय करायचं.
आन गेलोच न्हाई तर? माजा मलाच भरवसा न्हाई.
ही वही कुनाच्या हाताला लागली तर, पाया पडतो तुमच्या, कुनाला सांगू नगा. मालकाला नगा, काकीला नगा. मिस्त्रीला तर तुमच्या तोंडानं अजाबात कळू नये. त्येनी शिव्या घालायच्या त्या मलाच घालाव्यात, समोर उबं करून. तेवडं ऱ्हाऊ द्या माज्याकडं. सांगू नगा कुनाला.