रेघेच्या बाहेरचं घर

मंगळवार, ९ सप्टेंबर
वादळ-कक्ष, दुसरा मजला

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण आज नुसत्या नमस्कारावर भागव. वहिनी बरी असेल. लॉजला नवा रंग दिलास असं कळलं. मी ठीक आहे. भिंतभर स्क्रीन, डुगडुगणाऱ्या खुर्च्या आणि झाकण हरवलेली चहाची किटली, असा आमचा इथला संसार.

फोन तू उचलत नाहीस. बाबा उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. म्हणून हे पत्र. आमचा रडारचा मिस्त्री आज तुमच्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती देतेय. तू वाचून होईपर्यंत तो काउंटरपाशी उभा राहील. तसं मीच त्याला सांगितलंय.

समुद्रात पुन्हा वादळ जमतंय. आधी थोडी शिकवणी घेते, कारण हवामानवाल्यांचा कारभार म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, असं तू गावभर सांगत असतोस. तर ऐक. उन्हाने समुद्राचं पाणी बरंच खोलवर तापलं की त्याची वाफ वर चढते. वर गार पडून तिचे ढग होतात आणि होताना ती आपली ऊब हवेला देऊन टाकते. ती हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो, आणि ती जागा भरायला चारी बाजूंनी वारा धावतो. पृथ्वी फिरतेय म्हणून तो सरळ येत नाही, गिरकी घेत येतो. गरम पाणी हेच त्याचं खाणं. जमिनीवर आलं की वादळ उपाशी मरतं, पण मरण्याआधी किनाऱ्याची वाट लावून जातं.

उपग्रहातून आम्ही ते बघत बसतो. समुद्रात तरंगत ठेवलेली यंत्रं वारा आणि लाटा कळवतात. विमानवाले तर सरळ वादळात घुसून मोजमापाच्या नळ्या खाली सोडतात. काल परत आल्यावर वैमानिक बाई म्हणाली, “मॅडम, डोळा दिसायला लागलाय.” मधोमध ती शांत मोकळी जागा दिसली की समजायचं, हे आता पोसलं. मग आम्ही नकाशा काढतो. मध्ये वादळाच्या अंदाजे वाटेची एक रेघ, आणि तिच्याभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा. त्याला आम्ही इथे गाजर म्हणतो. वादळाचा मध्य त्या गाजरात कुठूनही जाऊ शकतो, कधी कधी बाहेरूनही. जितकं पुढचं सांगायचं, तितकं आमचं अज्ञान रुंद. ते आम्ही लपवत नाही, चांगलं लाल रंगवून दाखवतो.

आणि तू ते पुसलंस.

गेल्या वर्षी नकाशा मीच तुला पाठवला होता, काळजीने. तुझ्याकडे कुठल्याशा कंपनीची सहल उतरायची होती. लाल रंग बघून पाहुणे पळतील म्हणून तू नुसती रेघ ठेवलीस, मोठा कागद छापलास आणि काउंटरमागच्या काचेवर चिकटवलास. वर लिहिलंस, ‘आमच्या बहिणीच्या कार्यालयाकडून. वादळ उत्तरेला जाणार, निश्चिंत राहा.’ आईला पोचवून आपण परत आलो तेव्हाही तो तिथेच होता. मी नखांनी खरवडून काढला. तू बघत होतास.

हो, आई. इतका वेळ तिला टाळून लिहीत होते.

बाबा तुझ्याकडे पेपर वाचायला यायचे. तो कागद बघून ते घरी गेले आणि आईला म्हणाले, “पोरीने रेघ काढलीय, आपल्यापासून कितीतरी लांब आहे. सोड ते सामान.” बॅग भरून झाली होती दादा. शेजारणीने मला सांगितलं, आई साड्या परत कपाटात लावत होती. वादळ गाजरातूनच गेलं, आपल्या बाजूच्या कडेने. वाऱ्याच्या आधी पाणी आलं, खाडीकडून, मागच्या दाराने. बाबा माळ्यावर चढले. आईचे गुडघे तिला चढू देईनात. वरून त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता. किती वेळ, ते त्यांना विचारायची माझी छाती नाही.

तेव्हापासून बाबांच्या लेखी आईला मी मारलं. गल्लीही तेच म्हणते. आणि तू? माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, “जाऊ दे गं, चुका होतात.” चुका होतात! कुणाच्या रे? लाज कशी वाटली नाही तुला?

तरी मी बोलले नाही. त्यांना जवळचं माणूस तूच. दोन वेळचं जेवण, औषधं, दवाखाना, सगळं तू बघतोस, हे मी नाकारत नाही. ते तुझ्यावर उखडले तर जातील कुठे, म्हणून सगळ्या शिव्या पोटात घातल्या.

आता घालणार नाही. नव्या गाजरात आपली खाडी आहे, यावेळी अगदी मधोमध. उद्या सकाळी गल्लीत लोकांना न्यायला बस येईल आणि बाबांनी आतून कडी लावून घेतलीय. “पोरीचा नकाशा जा म्हणतो ना, मग इथेच बरं,” असं शेजारणीला म्हणाले. मी आणखी कितीही नकाशे काढले तरी ते उंबरा ओलांडणार नाहीत.

म्हणून तू जा. आत्ता, मिस्त्री समोर उभा असतानाच. त्यांना सांग, नकाशा बरोबर होता, मी तो पुसला. तुझ्या तोंडाने सांग, वहिनीला पुढे करू नकोस. ‘गैरसमज झाला’ वगैरे साखर पेरू नकोस. ते कदाचित हात उगारतील. मार खा. पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाहीत, त्यांना मी माझ्याकडे आणीन. जन्मभर तुझं तोंड न बघणारे बाबा मला चालतील. बुडालेले चालणार नाहीत.

त्यांना बसमध्ये बसव आणि मग मला फोन कर. तो फोन येईपर्यंत ‘तुझी’ असं लिहायला माझा हात धजत नाही.

आईची लेक